महारेराचं प्रकल्प-पान: मध्यवस्तीतला फ्लॅट बुक करण्याआधी ते कितपत कामाला येतं?

दादर, गिरगाव, लालबाग, परळ काय किंवा पुण्यातल्या पेठा काय, मोकळी जमीन इथे उरलेली नाही. जे नवं उभं राहतं ते जुनं पाडून: चाळ, वाडा, गिरणीचं आवार, तीन मजली सोसायटी. अशा ठिकाणी बांधकाम चालू असताना फ्लॅट घेणं म्हणजे बिल्डरच्या गल्ल्याला चार-पाच वर्षं उधार देणं. बाजार चढता असतो तेव्हा हे कुणाला जाणवत नाही, कारण नव्या बुकिंगच्या पैशांतून जुनी देणी भागत राहतात. नोकऱ्यांची खात्री डळमळली, कर्जाचे दर हलले, गिऱ्हाईक "बघू पुढच्या दिवाळीला" म्हणायला लागलं, की गल्ला आटतो. क्रेन थांबते ती सगळ्यात शेवटी. त्याच्या बऱ्याच आधी कागदावर खुणा उमटतात, आणि त्यातल्या पुष्कळ खुणा महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात.

हे परीक्षण त्या सेवेचं, म्हणजे प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाच्या पानाचं. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते ओघात येईलच.

आधी शोधायचं कसं. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे, आणि ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. कोड स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडायला हवं. ते बिल्डरच्या माहितीपत्रकावर जात असेल, तर क्रमांक हाताने टाकून शोधा. जुन्या पद्धतीच्या क्रमांकात 'पी'नंतरचे तीन आकडे जिल्हा सांगतात: 519 मुंबई शहर, 518 मुंबई उपनगर, 517 ठाणे, 521 पुणे. परळच्या टॉवरच्या फलकावर 518 ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो दुसऱ्याच कुठल्या प्रकल्पाचा असू शकतो. 2024 मध्ये 'महाक्रिटी' ही नवी प्रणाली आली, तेव्हा रचना बदलली. शोध आता बरा चालतो, मात्र कागदपत्रं अजूनही स्कॅन केलेली, आडवी-तिरकी, आणि महत्त्वाचा कागद हमखास 'इतर' नावाच्या खणात. चिकाटी लागते. मोबाइलवर हा उद्योग करू नका, मोठा पडदा घ्या.

नोंदणीच नसेल तर? मध्यवस्तीत हा प्रश्न फार खरा आहे. 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा 8 पर्यंत सदनिका, यांपैकी एकही अट लागू झाली तरी प्रकल्पाला नोंदणीतून सूट मिळते. कायदा करताना डोळ्यांसमोर छोटं बांधकाम असावं. पण पेठेतल्या वाड्याची जागा बहुतेक वेळा तेवढीच भरते, आणि वाढीव चटईक्षेत्र घेऊन त्यावर बरीच घरं बसतात. अशा इमारतीबाबत हे पान शून्य उपयोगाचं. मग 1963 चा मोफा (महाराष्ट्राचा जुना सदनिका मालकी कायदा), ग्राहक आयोग आणि स्वतःचा वकील, एवढंच हाती उरतं. मोफाखाली करार नोंदवण्याआधी 20 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते, रेराखाली 10 टक्क्यांपर्यंतच. अर्धा तारा इथे गेला, आणि तो पोर्टलचा नाही, कायद्याचा दोष आहे.

नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे

कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवले होते आणि लोकांनी तो क्रमांक बघून घरं घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं, इमारती पाडायचे आदेश निघाले. त्यानंतर परवानग्यांची पडताळणी थेट स्थानिक संस्थेकडून करून घेण्याची व्यवस्था आली आणि नव्या अर्जांची कायदेशीर, आर्थिक, तांत्रिक अशी तिहेरी छाननी सुरू झाली. सुधारणा चांगली आहे. तरीही पानावरची बहुतेक माहिती बिल्डरने स्वतः भरलेली असते, हे डोक्यातून जाऊ देऊ नये. म्हणून सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याच फाइल क्रमांकाने उघडून जुळवून बघायचं. पाच मिनिटांचं काम.

मुंबईत सीसी बघताना आणखी एक गोष्ट. इथे सीसी एका फटक्यात पूर्ण इमारतीला मिळत नाही. आधी जोत्यापर्यंत, मग अमुक मजल्यापर्यंत, मग पुढची. प्रत्येक टप्प्याला प्रीमियम (वाढीव चटईक्षेत्राचं शुल्क) आणि इतर रकमा भरायच्या असतात. 38 मजल्यांचा टॉवर विकायला काढलाय आणि सीसी 14 व्या मजल्यापर्यंतच आहे, असं सर्रास असतं. त्यात बेकायदा काही नाही. पण तुमचा फ्लॅट 27 वर असेल, तर तुमच्या मजल्याला परवानगी मिळणं हे बिल्डर पुढचा प्रीमियम कधी भरतो यावर अवलंबून आहे. विक्री कार्यालयात "सीसी आहे" एवढंच सांगतात. शेवटच्या पानावरचा शेरा वाचा, मजल्याचा आकडा तिथे असतो. 120 मीटरच्या वरच्या इमारतीला उंच इमारतींसाठीच्या समितीची (हायराइज कमिटी) मंजुरीही लागते, आणि विमानतळाच्या उंचीचा दाखला जुना झाला असेल तर तो पुन्हा घ्यावा लागतो.

पैशांचा माग

अनिश्चित काळात या पानाचा खरा उपयोग पैशांसाठी. रेरातला सगळ्यांना पाठ असलेला नियम: ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवायचे आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यानुसार काढायचे. 1 जुलै 2024 पासून त्यासाठी एकाच बँकेत तीन खाती लागतात. पैसे येतात ते संकलन खातं, 70 टक्क्यांचं वेगळं खातं आणि 30 टक्क्यांचं व्यवहार खातं. करारात आणि बुकिंगनंतर मिळणाऱ्या वाटपपत्रात संकलन खात्याचाच क्रमांक असायला हवा. "पार्किंगचे पैसे या दुसऱ्या खात्यावर टाका" असं कुणी म्हटलं, की तिथेच थांबा.

आता या नियमाची मध्यवस्तीतली गोम. खात्यातून पैसे काढता येतात ते जमीन आणि बांधकाम या दोन्हींच्या झालेल्या खर्चाच्या प्रमाणात. उदाहरण घेऊ. प्रकल्पाचा एकूण अंदाजी खर्च 200 कोटी, त्यात जमिनीच्या सदरात 110 आणि बांधकामाच्या सदरात 90. बिल्डरने जमिनीवर 100 कोटी आणि बांधकामावर 10 कोटी खर्च केले, म्हणजे 55 टक्के खर्च झाला. इमारत जेमतेम जोत्याला आली आहे, तरी 110 कोटींपर्यंतची रक्कम काढायला तो नियमाने पात्र आहे. सुरुवातीच्या ग्राहकांचे पैसे त्यामुळे सिमेंट-सळईकडे जाण्याआधी जमिनीसाठी काढलेल्या कर्जाच्या परतफेडीकडे जाऊ शकतात. शहराबाहेर, जिथे जमीन स्वस्त, तिथे 70 टक्क्यांचा नियम बांधकामाचं रक्षण बऱ्यापैकी करतो. जमीन महाग तिथे तो पातळ होत जातो. प्रकल्पाच्या पानावर हे कुठेच समजावून सांगितलेलं नाही. आणखी अर्धा तारा गेला.

याच कारणाने फॉर्म 3 हा सगळ्या कागदांतला राजा. हा सनदी लेखापालाचा दाखला. जमिनीच्या सदरात संपादन, चटईक्षेत्राचा प्रीमियम, टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम-हक्क) हे तर असतंच. शिवाय पुनर्विकासात जुन्या रहिवाशांच्या इमारतीचा खर्च, जागा रिकामी करून घेण्याचा खर्च आणि काम चालू असेपर्यंत त्यांना लागणाऱ्या संक्रमण घरांचं भाडं यांच्यासाठीही ओळी आहेत. प्रत्येक ओळीत 'अंदाजित' आणि 'प्रत्यक्ष झालेला' असे दोन आकडे. भाड्याच्या ओळीत अंदाज 12 कोटी, झालेला खर्च 11 कोटी आणि पुनर्वसनाची इमारत अर्धीही नाही, असं दिसलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं कुठून येणार हा प्रश्न विक्री कार्यालयात विचारा. उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

फॉर्म 3 चा दुसरा भाग आणखी बोलका. त्यात चार आकडे असतात: प्रकल्प पूर्ण करायला लागणारा उरलेला खर्च, विकलेल्या घरांकडून अजून यायची रक्कम, न विकलेल्या घरांची रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) दराने किंमत, आणि या दोन येण्यांची बेरीज. बेरीज उरलेल्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर यापुढे येणाऱ्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात टाकायचे. कमी असेल, तर 100 टक्के. दर रेकनरचा असल्यामुळे हा आकडा फारसा फुगवता येत नाही, हे चांगलं. पण न विकलेली घरं विकली जाणारच, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. मंदीत नेमकं तेच डळमळतं. म्हणून ही बेरीज बाजूला ठेवून दुसरं गणित करायचं. समजा उरलेला खर्च 60 कोटी, विकलेल्या घरांकडून येणं 35 कोटी, न विकलेली घरं 40 कोटींची. फॉर्मच्या हिशेबाने 75 विरुद्ध 60, सगळं ठीक. एकही घर विकलं गेलं नाही असं धरलं, तर 35 विरुद्ध 60. हे 25 कोटींचं भगदाड कोण भरणार? मंजूर झालेलं आणि अजून न उचललेलं बांधकाम कर्ज असेल तर बरं आहे. तसं काहीच नसेल, तर तुमचं घर पूर्ण होणं पुढच्या गिऱ्हाइकावर टांगलेलं आहे.

फॉर्म 3 प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर सहज उघडतो असं नाही. नसेल तर ताज्या तिमाहीची प्रत मागा. द्यायला खळखळ झाली, तर तेही उत्तरच.

कर्ज कुणाकडून आणि किती हे पडताळायला पोर्टलच्या बाहेर जावं लागतं. बिल्डर कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या नावावरचे बोजे दिसतात. तारण मालमत्तेची नोंद सरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोड्या शुल्कात शोधता येते. प्रकल्प-पानावरचा कायदेशीर मालकी अहवाल आणि बोज्याचा तपशील यांच्याशी दोन्ही ताडून बघा. प्रकल्प गहाण असणं हे संकट नाही, मोठ्या शहरात तो गहाण असतोच. मात्र तुमच्या सदनिका क्रमांकासह कर्जदात्या संस्थेचं ना हरकत पत्र करार नोंदवण्याआधी हाती हवं. सगळ्या इमारतीचं एकत्र पत्र दाखवून भागवतात. त्यावर समाधान मानू नका.

तिमाही अहवाल: एकटा वाचू नये

बिल्डरने दर तिमाहीला प्रगती अहवाल भरायचा असतो. मुदत जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची 20 तारीख. न भरणाऱ्या प्रकल्पांवर 2023 पासून महारेराने चांगलाच बडगा उगारला. नोंदणी स्थगित, बँक खातं गोठवलेलं, जाहिरात बंद, नवे करार नोंदवायला मज्जाव. हा भाग कौतुकाचा. राज्यात दहा हजारांवर प्रकल्पांची मुदत उलटूनही पुढची माहिती आलेली नाही म्हणून नोटिसा गेल्या, तेव्हा या ढिलाईचा आवाका कळला.

एक अहवाल एकटा वाचून काही कळत नाही. लागोपाठचे दोन शेजारी ठेवा आणि स्लॅब मोजा. ॲल्युमिनियम शटरिंगवर, ज्याला साइटवर सगळे मायव्हान म्हणतात, काम सुरळीत असेल तर एका मजल्याचा स्लॅब आठ-दहा ते पंधरा दिवसांत पडतो. म्हणजे एका तिमाहीत सहा ते आठ स्लॅब दिसले पाहिजेत. पावसाळ्यात थोडे कमी धरा, दिवाळीत मजूर गावी जातात म्हणून आणखी एखादा. दोनच स्लॅब वाढले असतील, तर काम चालू आहे पण पैसा नाही, असा त्याचा सरळ अर्थ: ठेकेदाराने गँग कमी केली, सळई थोडी थोडी येते आहे. बिल्डरला काम पूर्ण थांबवलेलं परवडत नाही, म्हणून दाखवण्यापुरते दिवे चालू राहतात.

तळघराच्या टप्प्यावर मात्र हे माप लावू नका. मध्यवस्तीत खोदकाम संथच असतं. शेजारची जुनी इमारत खचू नये म्हणून आधी पाइल किंवा डायाफ्राम भिंत, मग थराथराने खोदणं, सतत पाणी उपसणं, आणि माती नेणाऱ्या ट्रकना ठरावीक वेळेतच प्रवेश. इथे आठ-दहा महिने आकडा हलला नाही तरी घाबरायचं कारण नाही.

नेमकी या जागी पैसे देण्याच्या वेळापत्रकाची मेख आहे. राज्याच्या आदर्श करारात कमाल मर्यादा अशा आहेत: करारानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर 45, सगळे स्लॅब झाल्यावर 70, भिंती-गिलावा-फरशी-दारं-खिडक्यांनंतर 75, जिने-लिफ्टचे खड्डे-स्वच्छतागृहाच्या फिटिंगनंतर 80, बाहेरचा गिलावा आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर 85, लिफ्ट-पंप-वीज वगैरे झाल्यावर 95, ताब्याच्या वेळी उरलेले 5. पाच मजली इमारतीला हे ठीक होतं. 40 मजल्यांच्या टॉवरला जोत्यापर्यंत 45 टक्के गेले, की पुढच्या 40 स्लॅबसाठी 25 टक्के उरतात, म्हणजे स्लॅबमागे 0.625 टक्का. इमारत जमिनीच्या वर डोकंही काढत नाही आणि तुमचे जवळपास अर्धे पैसे गेलेले. या मर्यादा कमाल आहेत, त्यापेक्षा कमी ठरवायला कायद्याची काही आडकाठी नाही. मंदीत घासाघीस करायची असेल तर दर चौरस फुटामागे दोनशे-चारशे रुपयांसाठी करण्यापेक्षा इथे करा: करारानंतर 15 ते 20 टक्के, जोत्याला 30, आणि उरलेले स्लॅबवर पसरून. विक्री कमी असलेला बिल्डर यावर बोलायला तयार होतो.

'आत्ता 10 टक्के, बाकी ताब्याला' किंवा 'ताब्यापर्यंत हप्ता आम्ही भरू' या योजना दिसल्या की कर्ज कुणाच्या नावावर निघतंय ते आधी बघायचं. हप्ता बिल्डर भरणार आणि कर्ज तुमच्या नावावर, असं असेल तर त्याने हप्ता थांबवला की बँक तुमच्याच दारात येते. म्हणूनच बँकांनी कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांशी बांधून द्यावेत असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये सांगितलं, आणि 2019 मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजना टाळायला सांगितलं. योजनांची नावं बदलतात. कर्जाच्या मंजुरीपत्रात पैसे कधी सुटणार ते वाचा, तिथे नाव बदलून चालत नाही.

तारीख आणि तिच्या मागची तारीख

पानावर पूर्णत्वाची मूळ आणि सुधारित, अशा दोन्ही तारखा दिसतात. त्यांतलं अंतर हा बिल्डरचा खरा परिचय. कोविडमधली मुदतवाढ त्यातून वजा करा. 2020 मध्ये सगळ्यांना 6 महिने आणि 2021 मध्ये आणखी 6 महिने मिळाले होते. वजाबाकी करून दोन-तीन वर्षं उरली, तर कारण त्याच्या घरचं. त्याच बिल्डरचे बाकीचे प्रकल्पही याच शोधात उघडतात. पण प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढायची रीत असल्याने संचालकांच्या नावाने शोधावं लागतं.

महारेराने नोंदणीची मुदत वाढवून दिली म्हणून तुमच्या करारातली ताब्याची तारीख आपोआप सरकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नीलकमल निकालात हे स्पष्ट केलं आहे. उशिराबद्दल बिल्डरने द्यायचं रेराच्या कलम 18 चं व्याज करारातल्या तारखेपासून मोजलं जातं, दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक 2 टक्के. म्हणून करारात आणि पानावर दोन वेगळ्या तारखा दिसल्या तर करारातली जपा. मुदतवाढीच्या संमतीपत्रावर सही मागायला आले, तर त्यात व्याजाचा हक्क सोडल्याचं वाक्य घुसवलेलं नाही ना, ते बघून मगच सही.

एका वर्षाचा उशीर किती रुपयांना पडतो? बँकेने 1 कोटी सोडले असतील आणि दर 8.5 टक्के असेल, तर नुसतं व्याज महिन्याला 70,833 रुपये, वर्षाला साडेआठ लाख. राहत्या घराचं भाडं वेगळं. दरही स्थिर नाही. मे 2020 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 झाला आणि 2025 मध्ये पुन्हा उतरत गेला. 1 कोटीच्या 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता 7.5 टक्क्यांनी सुमारे 80,560 रुपये, 9.5 टक्क्यांनी सुमारे 93,210. बुकिंगच्या दिवशीचा हप्ता धरून बजेट बांधू नका, वरचा आकडा धरा.

तयार घराशी तुलना करताना जीएसटी विसरू नये. मुंबईत 2 कोटींच्या घरावर बांधकाम चालू असताना 5 टक्के, म्हणजे 10 लाख. भोगवटा प्रमाणपत्रानंतर घेतलं तर शून्य. मुद्रांक शुल्क 6 टक्के, 12 लाख, आणि नोंदणी 30,000 हे दोन्हीकडे सारखंच. पुण्यात मुद्रांक 7 टक्के. खरेदीदार स्त्री असेल तर 1 टक्का सवलत. म्हणजे तयार घर 10 लाखांपर्यंत महाग असलं तरी बरोबरी होते, आणि उशिराचा धोका संपतो.

जे पानावर नाही

पुनर्विकासात पैशांची चणचण पहिल्यांदा कुणाला कळते? जुन्या रहिवाशांना. संक्रमण भाड्याचा चेक उशिरा येऊ लागतो, मग दोन महिन्यांचा एकदम, मग बंद. हे महारेराच्या कक्षेत जवळपास येतच नाही, कारण जुने सभासद सहसा 'वाटपग्राही' (रेराच्या अर्थाने घर घेणारे) धरले जात नाहीत, आणि ज्या इमारतीत विक्रीची घरंच नाहीत अशी पुनर्वसनाची इमारत पानावर नीट दिसतही नाही. विक्रीच्या घरांचा भोगवटा मात्र बहुधा पुनर्वसनाशी जखडलेला असतो. आपली इमारत तयार होऊन कुलूपबंद आणि पलीकडे चाळकऱ्यांची इमारत अर्धवट, हे दृश्य लालबाग-परळला नवं नाही. त्यामुळे जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून "भाडं वेळेवर येतंय का, बँक गॅरंटी घेतली होती का" एवढे दोन प्रश्न विचारणं कुठल्याही पीडीएफपेक्षा मोलाचं. उरलेला अर्धा तारा या अदृश्य पुनर्वसनासाठी कापला.

दुसरी गोष्ट बुकिंगचा आकडा. पानावर "120 पैकी 84 विकली" असं असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या भूखंडाचे इंडेक्स 2, म्हणजे सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या प्रत्येक कराराचा सारांश), मोजा. मुंबई शहरात त्यासाठी सी.एस. क्रमांक (जागेचा भूमापन क्रमांक) आणि डिव्हिजन लागतं (माहीम, लोअर परळ, गिरगाव), उपनगरात सीटीएस, पुण्यात सिटी सर्व्हे. 84 च्या जागी 40 च करार नोंदलेले दिसले, तर बाकीची घरं 10 टक्क्यांच्या आतल्या कच्च्या बुकिंगवर आहेत. एकाच नावावर पंधरा-वीस घरं असतील, तर तो ठोक गुंतवणूकदार किंवा पैशांच्या बदल्यात घर घेतलेला ठेकेदार. मंदीत हेच लोक बिल्डरपेक्षा स्वस्तात घर विकायला काढतात. त्याच इंडेक्सवर खरा विक्रीदरही दिसतो.

बिघडलंच तर? तक्रारीचं शुल्क 5,000 रुपये, वकील सक्तीचा नाही. आदेश बऱ्याचदा ग्राहकाच्या बाजूने येतो. घोडं अडतं वसुलीत. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करायची असते, आणि अनेक वसुली वॉरंटांचे पैसे वर्षानुवर्षं अडकून पडतात. बिल्डर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला तर वॉरंटही थबकतं. ती प्रक्रिया खरेदीदारांनी स्वतः सुरू करायची, तर अर्जाला एकाच प्रकल्पातले किमान 100 किंवा 10 टक्के (जे कमी ते) खरेदीदार एकत्र लागतात. म्हणून ताब्याआधीच खरेदीदारांचा गट बांधलेला बरा.

क्रम असा ठेवा. बुकिंगची रक्कम देऊन आदर्श नमुन्यातलं वाटपपत्र घ्या. ते जारी झाल्यापासून 15 दिवसांत रद्द केलं तर काही कापत नाहीत, 16 ते 30 दिवसांत घराच्या किमतीच्या 1 टक्का, 31 ते 60 मध्ये दीड, त्यापुढे 2 टक्के. पहिल्या दिवशी प्रकल्प-पानावरची सगळी पीडीएफ तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवा, कारण नकाशे आणि आकडे मागाहून बदलतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीसी आणि इंडेक्स 2. पहिल्या आठवड्यात फॉर्म 3 आणि ना हरकत पत्राची लेखी मागणी, ई-मेलवर. एक संध्याकाळ जुन्या सोसायटीच्या लोकांसाठी. फॉर्म 3 चौदाव्या दिवसापर्यंत आला नाही तर रद्द केल्याचा ई-मेल त्याच रात्री पाठवा. सोळाव्या दिवशी 2 कोटींच्या घरावर त्याच ई-मेलची किंमत 2 लाख रुपये होते.